आम्लाचा दुसरा हात

आमच्या सुकेनाला पातेल्यावरचं झाकण बंद राहिलेलं सोसत नाही. भात दम धरायला ठेवला की ही उचलणार, डोकावणार, परत ठेवणार. "वाफ मोडतेस गं!" म्हणून मी ओरडले की म्हणते, "बघितलं फक्त." तिने बघितलेला भात मधे गिचका आणि वर कोरडा होतो, आणि तो आम्ही कितीदा खाल्लाय ते अल्लाला ठाऊक. अशा मुलीला नशिबाने काम कुठलं द्यावं? बाटली ठेवून द्यायची आणि तिच्याकडे बघायचं नाही, हे.

मी तिची आत्या. समुद्राकाठच्या आमच्या वाकाम वस्तीत आत्या म्हणजे बापाच्या बरोबरीची. लग्न असो, बारसं असो, भांडण असो, सगळे आधी आत्याला विचारतात आणि मग त्यांना हवं तेच करतात. शाळा मी फार पाहिली नाही. कुराणाची पाटी गिरवली, आणि केस पांढरे झाल्यावर बायकांच्या वर्गात अक्षरं जोडायला शिकले. तेव्हा इथे जे रसायनाचं येईल ते सुकेनाने मला सांगितलेलं आहे, तेही चालता चालता.

तिचा बाप सांबा, माझा धाकटा भाऊ. डब्यांचा पत्रा कापून तो दिवे, पेट्या, गाळण्या करायचा. शाळेतून आली की सुकेना त्याच्याजवळ उभी. कथील वितळून त्याचा चकचकीत थेंब झाला की विचारायची, "बाबा, हे पत्र्याला का चिकटतं? तुमच्या बोटाला का नाही चिकटत?"

"बोटालाही चिकटतं. ये, दाखवतो."

त्याची बोटं पाहिली की पटायचं. पण पोरीचा प्रश्न काही सुटला नाही. कोण कुणाला धरतं, किती घट्ट धरतं आणि का, एवढ्यासाठी ती शाळेतून कॉलेजात गेली, कॉलेजातून विद्यापीठात, आणि कथिलापाशीच येऊन थांबली. सांबा गेला तेव्हा ती प्रयोगशाळेत होती. नवरा ओमार इटलीत. सुकेनाला काही सुचेनासं झालं की येरझाऱ्या घालायची सवय, त्यालाही तीच. तो वर्षातून एकदा येतो, आणि तो आला की घरात दोघं फिरायला लागतात, म्हणून ती माझ्याकडेच राहते ते बरं.

तिचं काम तिने मला एकदा भाताच्या परातीभोवती सांगितलं. शेजारची आस्तू जेवायला होती. सुकेनाने हात पुसले आणि उठली.

"आत्या, तू कथील. तुझ्या कमरेभोवती आधीच तीन कडी आहेत, चुलीच्या तीन दगडांसारखी. ती हलत नाहीत. मी आम्ल. आम्लाला दोन हात असतात. आता बघ." तिने दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं. "मी तुला असं धरलं, तर आपण दोघीच. आपलं वेगळं घर. पण एक हात तुला आणि एक हात आस्तूला दिला, तर?" तिने आस्तूचं मनगट पकडलं. "मग आस्तू कथील, आस्तूच्या पलीकडे आणखी एक आम्ल, त्याच्या पलीकडे आणखी एक कथील. साखळी. थेट मशिदीपर्यंत."

"आणि भात कोण खाणार?" आस्तू म्हणाली.

एवढाच तिचा प्रश्न होता. दालचिनीच्या कुळातलं कुठलंसं आम्ल तिने कथिलाला जोडलं होतं, आणि ते दोन्ही हातांनी एकालाच धरतं की दोघांना एकेक हात देतं, हे सांगायचं होतं. तिचे मोठे सर, प्राध्यापक बासेन, म्हणायचे साखळी. सुकेना म्हणायची वेगळं घर. उजेडाचं एक यंत्र असतं, त्यात दोन टोकं उमटतात. टोकं जवळ आली तर दोन्ही हात धरलेले, लांब गेली तर एकच. हिची टोकं जवळही नाहीत आणि लांबही नाहीत. नक्की सांगणारी गोष्ट एकच. त्या पदार्थाचा चांगला, सलग, पारदर्शक स्फटिक करायचा आणि फ्रान्सला पाठवायचा. तिथलं यंत्र त्याच्यावर किरणं टाकून आतल्या प्रत्येक अणूची जागा सांगतं.

बासेन सरांचं निवृत्तीचं वर्ष होतं. त्यांच्यानंतर कथिलाचा विद्यार्थी घेणारं कुणी नव्हतं. स्फटिकाचं उत्तर आल्याशिवाय प्रबंध पुढे जाणार नाही, हे त्यांनी तिला सरळ सांगितलं होतं. म्हणजे त्याच वर्षी झालं तर झालं. नाहीतर इतक्या वर्षांची मेहनत गुंडाळून कुठल्यातरी शाळेत पोरांना पाण्याचं सूत्र शिकवायचं.

स्फटिक कसा करतात? पदार्थ स्पिरिटमध्ये विरघळवायचा, बाटलीच्या तोंडाला कागद बांधायचा, कागदाला सुईने भोकं पाडायची आणि कपाटात ठेवून विसरायचं. स्पिरिट हळूहळू उडतं, मागे दाणे राहतात. सुकेना विसरत नसे. रोज उघडायची, उजेडात धरायची, हलवायची. आणखी चार भोकं पाडायची, लवकर व्हावं म्हणून. दर वेळी तळाशी पीठ.

मी दुपारी विद्यापीठात डबा न्यायची. प्रयोगशाळेत अन्न चालत नाही. तिथलं कथील विषारी, घरी आल्यावर कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय मी तिला परातीजवळ येऊ देत नसे. म्हणून आम्ही बाहेर कडुनिंबाखाली बसायचो. तिथे मोमार गेय यायचा. मोमार तिच्याच विभागात शिकवायचा, तिच्याहून पुष्कळ मोठा, पोट पुढे आणि चष्मा कपाळावर.

आता आम्ही आडनावाने सेक, आणि तो गेय. सेक आणि गेय यांचं नातं थट्टेचं. गेयने सेकला आपला गुलाम म्हणायचं, सेकने गेयला खादाड म्हणायचं, आणि कुणी काहीही बोललं तरी रागवायचं नाही. वयही आड येत नाही, सगळं अरे-तुरे. पंजोबांच्या पंजोबांपासून असंच चाललंय. बाजारात अनोळखी माणसाने आडनाव सांगितलं आणि तो गेय निघाला, की मी आधी त्याच्या पोटाची चौकशी करते आणि मग भाव.

"काय गं म्हातारे," मोमार माझ्या डब्यात डोकावत म्हणायचा, "गुलामांकडे आज मासा आहे? मालकाला न विचारता?"

"ये, ये. दुष्काळ आला म्हणून दवंडी ऐकली, तो तूच होय?"

सुकेनाच्या आम्लाचं त्याला विचारलं, तर म्हणाला, "सेकांचं आम्ल ना? मग दोन्ही हात ताटात असणार. विचारायचं काय त्यात?"

असं रोज चालायचं. तिची खरी शिकवणी बासेन सरांकडे. मोमारकडे नुसती थट्टा, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग कोरड्या वाऱ्याचे दिवस आले. उत्तरेकडून धूळ यायची, ओठ फुटायचे, आणि वीज इतकी जायची की आली तरी कुणी लक्ष देत नसे. एके दुपारी मी डबा उघडते न उघडते तोच सुकेना पळत आली. एक चप्पल पायात, एक मागे पायरीवर.

"आत्या, आले! दाणे आले! काचेसारखे!"

मोमार तिथेच सावलीत होता. "काय गं सेक, कुणाचं चोरून पळतेयस?"

"तू ये आणि बघ. आणि जळ."

तो आत जाऊन भिंगाखाली बघून आला. हात पुसले, खाली बसला, आणि हसत हसत म्हणाला, "छान आहेत. फारच छान. इतके छान दाणे सेकांच्या हातून होत नसतात. अगं, गुलामाला बाजारात पाठवला, तर गेला तसाच रिकामी टोपली घेऊन परत आला! तू बाटलीत जे टाकलंस तेच बाहेर काढलंयस."

"पोटात जागा उरली नाही म्हणून आता माझे दाणे डोळ्यांनी खातोस काय?"

"एक वितळवून बघ. शंभर अंशांच्या थोडं पुढे पाघळला तर समज, तुझं विकतचं कथिलाचं क्लोराइड तुझ्याकडेच पाहुणं आलंय."

"मोजके दाणे आहेत, त्यातला एक वितळवू? की तुझ्या जिभेवरच ठेवू?"

"ए सेकांची म्हातारी, सांग जरा हिला."

"तू जेव," मी म्हटलं, आणि तो जेवला. आम्ही तिघं हसत होतो.

त्याच आठवड्यात बासेन सरांचे एक मित्र पॅरिसला निघाले होते. सुकेनाने दाणे कापसात गुंडाळून त्यांच्या हाती दिले. मग तिने काय केलं असेल? फिरली. अंगणातून गल्लीत, गल्लीतून समुद्राकडे, समुद्राकडून परत. रस्त्यात कुणी विचारलं, "कुठे निघालीस?" तर म्हणायची, "येतेच." आस्तू म्हणायची, हिला गळ्यात घंटा बांधा, निदान कळेल कुठे आहे ते.

उत्तर बासेन सरांना फोनवर आलं. त्यांनी तिला बोलावून दार लावून सांगितलं. तिकडच्या माणसाने दाणे किरणांखाली मोजले होते आणि ते फार सुरेख होते. पण आत दालचिनीचं आम्ल नव्हतंच. होतं नुसतं क्लोराइड, जे ती बरणीतून चमच्याने काढून वापरायची आणि ज्याचं मोजमाप दुसऱ्यांनी कधीच करून ठेवलेलं आहे. तिच्या बाटलीतलं थोडं क्लोराइड न जुळता उरलं होतं, आणि जे उरलं तेच आधी नटूनथटून बाहेर आलं.

ती विद्यापीठातून वाकामपर्यंत चालत आली. आली ती धुतलेली भांडी परत धुवायला लागली. भांडी संपली तेव्हा तिने सांगितलं.

"मोमारला माहीत होतं, आत्या."

"मग त्याने सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. कडुनिंबाखाली. तू वाढत होतीस."

खरंच की. टोपली, पाहुणा, शंभराच्या पुढे पाघळणं, सगळं त्याने सांगितलं होतं. पण गेयने सेकला सांगितलं होतं. ते खरं धरायचं असतं हे आमच्या सात पिढ्यांत कुणाला सुचलं नसेल.

आणि आता तिला त्याच्यावर रागवताही येईना. दुसरा कुणी असता तर दोन शिव्या घालून मोकळी झाली असती. थट्टेच्या नात्यात राग धरणं म्हणजे अपशकुन, शिव्या तर आधीच रोज घालून झालेल्या. राग तिच्या पायांत उतरला. दोन दिवस ती विद्यापीठात गेली नाही, आणि घरातली फरशी झिजवली.

मग मोमार घरी आला. हातात कोला बिया, कुणाच्या मयताला किंवा सोयरिकीला आणतात तशा. दाराबाहेर चपला काढून उभा राहिला आणि म्हणाला, "आत्याबाई, आत येऊ का?"

इतक्या वर्षांत हा माणूस मला म्हातारीशिवाय काही म्हणाला नव्हता.

"ये बाबा. कोण गेलं?"

"कुणी नाही. सुकेना आहे?"

ती आतून आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. "माझ्याशी साधं का बोलला नाहीस?"

"साधं कसं बोलायचं? तू सेक, मी गेय. आपल्याला साधं बोलण्याची वाट कुणी ठेवलीय का? आणि तेव्हा मी असं तोंड करून सांगितलं असतं तर तू काय समजली असतीस? की गेयचं डोकं फिरलं. किंवा मी तुझं काम अडवतोय."

"मग बासेन सरांना तरी सांगायचंस."

"तुझ्या मागे? ते बरं दिसलं असतं का? मी नेहमी तुलाच सांगत आलोय. तुला वाटलं काय, मी रोज तुमच्या भातासाठी येतो?"

"हो," मी म्हटलं.

"भातासाठी पण," तो म्हणाला.

सुकेना भिंतीपासून सुटली. "नेहमी म्हणजे? आणखी काय काय सांगितलंस?"

"पुष्कळ."

"सेकांना पाणी घातलेलंच दूध गोड लागतं, असं म्हणाला होतास. मागच्या पावसाळ्यात."

"तुझं स्पिरिट ओलं होतं. बाटलीचं बूच तू उघडं टाकतेस."

"सेकांची चूल अर्ध्यात विझते?"

"तू मिश्रण फार लवकर उतरवतेस. अजून निम्मा वेळ तरी उकळायला हवं. म्हणून तर क्लोराइड उरलं."

"गाढवसुद्धा सेकला ओळख देत नाही?"

"ती थट्टा."

"सेकांच्या लग्नात बिनबोलावलेले आधी जेवतात?"

"पहिले दाणे घ्यायचे नाहीत. गाळून टाकायचे, उरलेलं परत ठेवायचं."

"आणि माझ्या आत्याचं नाक?"

"ती थट्टा," मोमार माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी चहा ठेवला. आमची तीन फेऱ्यांची अताया उकळत होती, आणि ही दोघं इतक्या वर्षांचा अपमान सुपात घेऊन पाखडत बसली होती, हे खरं, हे खोटं. सुकेना प्रत्येक शिवी आठवून आठवून काढत होती. मला वाटलं होतं ती विसरते. एकही विसरली नव्हती. चहाची शेवटची, गोड फेरी संपली तेव्हा तिच्याजवळ प्रयोग नव्याने कसा करायचा ते सगळं होतं, आणि मोमार उन्हात चालून आल्यासारखा थकला होता.

जाताना तिने त्याला म्हटलं, "यंदा बाटली तुझ्या कपाटात ठेवणार. किल्ली मला द्यायची नाही. मी रडले तरी."

त्याने दिली नाही. ती रोज त्याच्या दाराशी जाऊन यायची. तो म्हणायचा, "काय गं सेक, मालकाच्या कोठाराभोवती काय घिरट्या घालतेस?" आणि ती थांबून विचारायची, "ही कुठली? खरी की थट्टा?" पहिले काही दिवस त्याने उत्तर दिलं. मग एकदा चिडून मला म्हणाला, "आत्याबाई, हिने माझी वाट लावलीय. तोंड उघडलं की ही पेन काढते. आता कुठला गेय राहिलो मी?"

"मला म्हातारी म्हण," मी म्हटलं. "मी नाही विचारणार."

त्याने म्हटलं, तेव्हा त्याला जरा बरं वाटलं.

पहिले दाणे गाळून टाकले. नंतर जे आले ते बारीक, जरा मळकट, मागच्यांच्या निम्म्यानेही देखणे नव्हते. सुकेनाने त्यातला एक वितळवला. शंभर गेले, तो तसाच. बराच पुढे जाऊन पाघळला. तिने ते मला येऊन सांगितलं तेव्हा ती हसत नव्हती. तिला आता हसण्याचीच भीती बसली होती. दाणे फ्रान्सला गेले. वाट बघताना पाऊस सुरू झाला, गल्लीत पाणी तुंबलं, म्हणून ती घरातच फिरली, आणि मी माझं अंथरूण तिच्या वाटेतून उचललं.

उत्तर आलं ते असं. आम्ल होतं, कथील होतं, दोन्ही जोडलेली. साखळी नव्हती, म्हणजे बासेन सर चुकले. पण सुकेना म्हणत होती तसंही नव्हतं. आम्लाने एका हाताने कथील घट्ट धरलेलं. दुसरा हात त्याच कथिलाकडे वळलेला, पण पोचलेला नाही. धरणाऱ्या हातापेक्षा बराच लांब, आणि सोडून दिलेल्या हातापेक्षा बराच जवळ.

"मग प्रबंध झाला ना?" मी विचारलं.

"होईल. सर म्हणाले, लिहायला लाग."

"मग आता का फिरतेस?"

"तो हात, आत्या."

तोंडी परीक्षा सरांच्या निवृत्तीच्या जरा आधी झाली. आम्ही बायका कडक इस्त्रीचे घोळदार झगे, बूबू, घालून मागच्या रांगा भरल्या. बाहेर पातेली झाकून ठेवली होती आणि आस्तूला पहाऱ्याला बसवलं होतं. समोर परीक्षक काळे झगे घालून बसले. त्यांत मोमार होता. सुकेना फळ्याजवळ उभी होती, आणि एकदा तरी एका जागी उभी होती, कारण मी तिला नव्या, घट्ट चपला घालायला लावल्या होत्या.

मोमारची पाळी आली. त्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. "सेकबाई, आपण दुसऱ्या हाताविषयी पुष्कळ पानं लिहिलीत. मला एका शब्दात सांगा. धरलंय की नाही? की सेकांच्या घरी पाहुण्याला हात दाखवायचा पण द्यायचा नाही, अशी रीत आहे?"

सगळं सभागृह हसलं. बासेन सरसुद्धा. मागे माझ्या शेजारच्या बाईने टाळी दिली. सुकेना हसली नाही. तिने त्याच्याकडे बघितलं, नीट, आणि मला कळलं की ही निवडतेय.

"सर, मला सांगता येत नाही," ती म्हणाली.

हसू थांबलं.

"धरलंय म्हणावं तर अंतर जास्त आहे. सोडलंय म्हणावं तर उगीच कुणी इतकं जवळ येत नाही. शिवाय तीन कड्यांपैकी दोन त्या बाजूने जरा फाकली आहेत, म्हणजे कथिलाला तो जाणवतोय. पण त्याला बंध म्हणायचं की नाही, ते एवढ्या एका स्फटिकावरून मी ठरवणार नाही. ठरवलं तर ते माझं मत होईल, मोजमाप नाही होणार."

मोमारने कागदावर काहीतरी लिहिलं. "ठीक," म्हणाला आणि चष्मा परत कपाळावर ठेवला.

परीक्षक आत गेले, बाहेर आले, आणि बासेन सरांनी उभं राहून तिला पदवी दिल्याचं सांगितलं. मग आमच्या बायकांनी जो आवाज केला तो बंदरापर्यंत गेला असेल. स्तुती गाणारी बाई उठली आणि सेकांच्या पूर्वजांची नावं एकेक करून हाका मारून बोलवायला लागली. कुणी सुकेनाच्या खांद्यावर शाल टाकली, कुणी कपाळाचा मुका घेतला. तिने आधी चपला काढल्या.

बाहेर पराती मांडल्या. मोमार झगा काढून, न बोलावता, आमच्याच परातीला बसला. त्याच्यासमोर सगळ्यात मोठा मासा होता, तो मीच सरकवला होता.

सुकेना येऊन त्याच्यासमोर टेकली. हात धुतले होते, पण भाताला लावले नाहीत.

"मघाशी 'ठीक' म्हणालास."

"म्हणालो."

"ते कुठलं ठीक? पटलं म्हणून, की सोडून दिलंस म्हणून?"

मोमारने तोंडातून एक काटा काढला, बोटांत धरून उजेडाकडे करून पाहिला आणि परातीच्या कडेला ठेवला. मग दुसरा शोधायला लागला.

"मोमार."

"थांब. काटे आहेत."

त्याला मासा खायला फार वेळ लागतो. ती बघत राहिली.